तुम्हीच बघा

तुम्ही त्यांना ओळखता. नाव वेगळं असेल, शाखा वेगळी असेल, पण कर्जविभागात खांबाआडच्या खुर्चीवर बसणारे, खिशात दोन पेनं असूनही सहीसाठी समोरच्याचं पेन मागणारे हे साहेब तुम्हाला कधी ना कधी भेटलेले आहेत. आपण काही विचारलं की ते उत्तर देत नाहीत. दोन्ही हातांनी मॉनिटर धरतात, आपल्याकडे वळवतात आणि म्हणतात, "तुम्हीच बघा."

आमच्या घरात त्यांचं नावच पडलं बघासाहेब. मुलगी परदेशातून फोन करायची तेव्हा आधी तब्येत विचारायची आणि मग, "बघासाहेब काय म्हणतायत?"

काय म्हणणार? तिच्या शिक्षणासाठी २०१५ साली आम्ही एका सरकारी बँकेतून कर्ज काढलं. ती मुख्य कर्जदार, मी सहकर्जदार. २०१८ पासून हप्ते माझ्या पगारातून जायला लागले, आणि तेव्हापासून दर जानेवारीत ऑफिसच्या अकाउंट्सकडून बोलावणं यायला लागलं: कलम ८०-ईचा पुरावा द्या, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून टॅक्स कापू. हे कलम तसं दिलदार आहे. शैक्षणिक कर्जावर वर्षभरात जेवढं व्याज भरलं तेवढं सगळं उत्पन्नातून वजा. रकमेला वरची मर्यादा नाही. दीड लाखाच्या कोंडवाड्यात विमा, पीएफ आणि मुलांच्या फिया एकमेकांच्या पायावर पाय देत उभ्या असतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. बँकेचा एक दाखला जोडायचा, की झालं.

तो दाखला बघासाहेबांच्या ताब्यात.

"साहेब, एज्युकेशन लोनच्या व्याजाचा दाखला हवा होता."

त्यांनी खाते क्रमांक एका बोटाने टाइप केला. मग थांबले. मग पडद्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता काहीतरी वाईट बातमी देणार. मग मॉनिटर वळला. माझ्या पाठीमागे खिडकी होती, त्यामुळे त्या पडद्यावर मला माझा चेहरा, मागच्या रांगेतल्या बाईंची पिशवी आणि रस्त्यावरचा रसवंतीचा फलक एवढंच दिसलं.

"दिसतंय?"

"काहीच दिसत नाहीये."

"मलाही दिसत नाहीये. तेच सांगतोय."

मॉनिटर वळवायची त्यांना इतकी सवय होती की टेबलाच्या सनमायकावर स्टँडच्या घासण्याने अर्धगोल ओरखडा पडला होता. आतला तपकिरी पुठ्ठा दिसत होता. दर खंडेनवमीला त्या मॉनिटरला हळदकुंकू लागायचं, वर झेंडूचा हार चढायचा, आणि दिवाळीनंतरही त्यातली दोन वाळलेली फुलं मॉनिटरबरोबर गिऱ्हाइकाकडे वळून परत साहेबांकडे जायची. एकदा जोर जरा जास्त झाला आणि मागची वायर निसटली. पडदा काळा. साहेबांनी वायर बघितली, मला बघितलं आणि माझ्यामागच्या माणसाला शांतपणे सांगितलं, "सिस्टीम डाऊन आहे. जेवणानंतर या."

वाचकांपैकी कुणी म्हणेल, हा आळशीपणा झाला. मुळीच नाही. आळशी माणूस "उद्या या" म्हणून मोकळा होतो. बघासाहेब तुम्हाला उद्या या असं कधीच म्हणायचे नाहीत. उद्या यावं लागेल हे तुमच्या तोंडून वदवून घ्यायचे. पडद्यावर 'रेकॉर्ड नॉट फाउंड' आलंय, ते तुम्हीच वाचलंय, आता बोला. देवळातला पुजारी पडदा बाजूला करून उभा राहतो तसे ते मॉनिटरच्या कडेला उभे राहायचे. पुढचं तुमचं आणि त्याचं.

पहिल्या वर्षी दाखला मिळाला त्यात 'एकूण भरणा' असा एकच आकडा होता. मुद्दल आणि व्याज एकत्र. सवलत फक्त व्याजाला, तेव्हा अकाउंट्सने तो परत केला. बघासाहेब म्हणाले, सिस्टीम एकच आकडा काढते, आणि मॉनिटर वळवून तो एकच आकडा मला दाखवला. पुढच्या खेपेला व्याज वेगळं झालं, पण दाखल्यावर नाव फक्त मुलीचं. अकाउंट्समधला पोरगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, हा दाखला तुमचा नाहीये." हप्ता माझा, डोकेदुखी माझी, दाखला तिचा. मुलाबाळांच्या शिक्षणासाठी आईबापांनी घेतलेल्या कर्जालाही ही सवलत आहे, पण कर्जात आपलं नाव आहे हे कागदावर दिसायला हवं ना! बघासाहेबांनी सहकर्जदाराच्या रकान्यातलं माझं नाव पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"हे काय, आहे की तुमचं नाव. तुम्हीच बघा."

"पण साहेब, दाखल्यावर नाही ना."

"दाखल्यावर नाही," त्यांनी मान्य केलं. "सिस्टीममध्ये आहे."

म्हणजे माझं नाव होतं, पण ते बघायला आयकर खात्याने या टेबलाशी यायला हवं होतं.

१ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. आमची बँक त्यात सापडली. बाहेरचा फलक बदलला, कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या फितीचा रंग बदलला आणि आमच्या कर्जाचा खाते क्रमांकही बदलला. मंजुरीपत्रावर एक नंबर, दाखल्यावर दुसरा. अकाउंट्सने विचारलं, कर्जं दोन आहेत का? या प्रश्नावर आमच्या घरी दोन मिनिटं शांतता पसरली होती. त्या वर्षी बघासाहेबांनी मला दोन पडदे दाखवले. जुन्या सिस्टीमचा हिरवा, नव्याचा निळा. दोन्हींत माझं कर्ज होतं आणि दोन्हींत व्याज नव्हतं.

वैतागून मी हेल्पलाइन धरली. मराठीसाठी अमुक दाबा, कर्जासाठी तमुक दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग ती सनई. शेवटी एका मुलीने अतिशय गोड आवाजात माझी असुविधा समजून घेतली, तक्रार क्रमांक दिला आणि होम ब्रँचला जायला सांगितलं. संध्याकाळी मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? खरं सांगतो, त्या क्षणी मला बघासाहेबांची आठवण झाली. निदान ते काहीतरी दाखवायचे तरी.

ही दयाबुद्धी फार टिकली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर हात आपटला आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची धमकी दिली. शाखेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. बघासाहेबांनी चष्मा वर केला, काहीतरी टाइप केलं आणि मॉनिटर वळवला. रिझर्व्ह बँकेचं तक्रारीचं पान.

"इथे करायची. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मग हे. तुम्हीच बघा, खाली लिहिलंय."

मी खाली वाचलं. त्यांनी तोवर लेखी तक्रारीसाठी कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला होता, आणि पेनही. स्वतःचं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या मॉनिटरने मला ठाण्याच्या अर्ध्या गृहस्थाश्रमाचं दर्शन घडवलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं खातं बंद करायच्या आतच तो वळायचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या गाडीचे तीन हप्ते थकलेत हे मला त्यांच्या बायकोच्याही आधी कळलं. वार्षिक सभेत पार्किंगच्या शिस्तीवर ते तावातावाने बोलत होते तेव्हा मी गप्प राहिलो. याला मी सज्जनपणा म्हणतो. पण माझ्या व्याजाचा आकडाही कुणाकुणाला पाठ असेल या विचाराने लिफ्टमध्ये लोकांकडे बघणं मुश्कील झालं.

आता नाइलाजाने दुसरी बाजू. त्यांच्याबद्दल बरं काही लिहायचं म्हणजे हात जरा जड होतोय, पण घडलं ते असं. माझ्यापुढे एकदा एक रिक्षावाले बसले होते. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्यांना शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला सुरुवात करायची होती. कुणीतरी सांगितलं होतं, टॅक्स वाचतो. बघासाहेब म्हणाले, "तुम्हाला टॅक्स बसतो का?" नाही. "मग वाचणार काय? व्याज जरूर भरा, बोजा कमी होईल. पण टॅक्ससाठी म्हणून भरू नका. सवलत आठच वर्षं मिळते, आणि पहिल्यांदा व्याज भराल त्या वर्षापासून मोजणी सुरू." मग मॉनिटर बाजूला सारून त्यांनी डेस्क कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. आत्ता भरलंत तर शेवटी एवढे, नाही भरलंत तर एवढे. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि ते पान फाडून त्यांच्या हातात दिलं. रिक्षावाल्यांनी ते घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवलं. मॉनिटर एकदाही वळला नाही. मला थोडं वाईटच वाटलं, माझ्यासाठी कधी कॅलेंडर फाटलं नव्हतं.

ते पुढे फाटलं. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू व्हायला लागली. जुनी हवी असेल तर आपण होऊन सांगायची. नव्या पद्धतीत ८०-ई नाही. हे मला ना ऑफिसने नीट सांगितलं, ना त्या गोड आवाजाच्या मुलीने. दाखल्यावर शिक्का मारता मारता बघासाहेबच म्हणाले, "अहो, जुनी पद्धत कळवलीत ना ऑफिसला? नाहीतर हा कागद नुसता फ्रेम करून लावायचा." मग कॅलेंडर, दोन रकाने, दोन रेघा. जुनी मला बऱ्यापैकी फायद्याची होती. आभार मानले तर म्हणाले, "माझं काही नाही, तुमचे आकडे आहेत."

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या माणसाच्या हातात खरं म्हणजे काहीच नव्हतं. खातं सिस्टीममध्ये, सिस्टीम मुख्य कार्यालयात, कर्जाची फाईल कुठल्याशा प्रोसेसिंग सेंटरात. दाखल्याचा नमुना बदलायची मुभा नाही, नाव घालायची नाही, मुद्दल-व्याज वेगळं करायची नाही. फक्त शिव्या खायची जागा तेवढी त्यांच्या नावाने राखीव. त्या पडद्यासमोर ते माझ्याइतकेच गिऱ्हाईक होते, खुर्ची फक्त पलीकडची. आपण खोटं बोलत नाही, एवढंच त्यांना सिद्ध करता येत होतं, आणि ते दिवसभर तेच करत होते.

२०२४ मध्ये ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं असं शिपायाने सांगितलं. आता त्या जागी एक चटपटीत मुलगी आहे. पडद्यावर काळी फिल्म चिकटवलेली आहे, समोरून एकटीलाच दिसतं. ग्राहकांच्या माहितीची गोपनीयता. मॉनिटर टेबलाला स्क्रूने आवळलेला. दाखल्यासाठी तर आता शाखेत जायचंच नाही, ॲपमध्ये बटण आहे. पीडीएफ येतो, पासवर्ड टाकला की उघडतो. २०२५ च्या रिटर्नमध्ये ८०-ईसाठी कर्ज कुणाचं, खाते क्रमांक काय, मंजुरी कधी, मूळ रक्कम किती, ३१ मार्चला शिल्लक किती, सगळं वेगवेगळं भरायला लावलं. ॲपने दिलेल्या दाखल्यात मंजुरीची तारीख विलीनीकरणाची पडली होती. ही तक्रार करायला ॲपमध्ये बटण नव्हतं. चटपटीत मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये हीच आहे." दाखवली नाही.

गेल्या नोव्हेंबरात शाखेत गेलो तर हयातीच्या दाखल्याच्या रांगेत बघासाहेब. पायात सँडल, हातात कापडी पिशवी, बरेच वाळलेले. यंत्र त्यांच्या बोटाचा ठसा घेत नव्हतं. अंगठा झाला, तर्जनी झाली, मुलीने ओला रुमाल दिला, पुन्हा सगळी बोटं झाली.

"काका, मॅच होत नाहीये."

"काय येतंय?"

"एरर येतोय."

"कुठला? जरा दाखव बघू."

"वळत नाही हो काका तो."

साहेब काउंटरवर वाकले, मान तिरकी केली. काळ्या फिल्ममधून काही दिसेना. मागच्या रांगेत कुणीतरी "च्" केलं. शेवटी मुलगी म्हणाली, चेहऱ्यावरून करून बघू, आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. डोळे मिचकावा म्हटल्यावर त्यांनी ते अतिशय आज्ञाधारकपणे मिचकावले. सरकारदरबारी ते जिवंत असल्याचं दोन मिनिटांत ठरलं.

बाहेर टपरीवर चहा घेतला. पैसे त्यांनी दिले, माझ्या खिशात सुटे असताना. मुलीची चौकशी केली, तिकडे थंडी किती असते विचारलं. मग पिशवीतून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहायला लागले. २०१८-१९ पासून एकेक वर्ष, एकाखाली एक. शेवटच्या वर्षाखाली दोन रेघा.

"तुमचं आठवं वर्ष यंदा संपतंय. मार्चनंतर दाखल्यासाठी खेटे घालू नका, उपयोग नाही."

"आणि कर्ज?"

"ते पंधरा वर्षांचं आहे," म्हणाले, आणि वर्तमानपत्राची ती कड फाडून माझ्या हातात दिली.