आत्याबाईंचा माळा कसा उतरवावा

ज्येष्ठ नातेवाइकांचे घर आवरून द्यायला निघताना पहिली खबरदारी अशी की, ‘टाकू या’ हा शब्द आपल्याच घरी ठेवून जावे. मारी कोंदो या जपानी बाईंच्या पुस्तकाने जगाला शिकवले, की वस्तू हातात घ्यावी आणि आनंद झाला नाही तर तिला निरोप द्यावा. ही कसोटी आत्याबाईंच्या माळ्यावर लागू पडत नाही. कुकरची जुनी रिंग हातात घेऊन कोणालाच आनंद होत नाही. आनंदासाठी ती ठेवलेलीच नसते. (तिसऱ्या मुलानंतर आपलेही घर पूर्वीसारखे टापटीप राहत नाही, हे कोंदोबाईंनी २०२३ साली स्वतःच सांगून टाकले, ते एक बरे झाले.)

आत्याबाईंचा हिशेब वेगळ्या काळात शिकलेला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठचे संसार एका दिवसात वाहून गेले. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिलो ज्वारी आली. स्कूटरसाठी, गॅससाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे बसले. अशा बाजारात झाकण घट्ट बसणारा रिकामा डबा म्हणजे भांडवलच. तरीही तेव्हाची घरे तुंबत नव्हती, कारण वस्तूंना बाहेर जायची वाट होती. जुन्या साड्यांवर बोहारीण घासाघीस करून स्टीलचे पातेले देई, धोतरांची गोधडी होई, रद्दीवाला तराजू घेऊन दारात येई. काही ‘टाकले’ असे वाटतच नसे. आता बोहारणीला सोसायटीच्या फाटकावर वॉचमन अडवतो आणि ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांना सलाम करून आत सोडतो. दोष आत्याबाईंच्या हव्यासाचा नसून बंद झालेल्या वाटेचा आहे. म्हणून प्रत्येक वस्तूला पत्ता द्यावा. ‘हा स्टोव्ह काढू का?’ असे विचारल्यास उत्तर ठरलेले आहे. ‘भाजीवालीला हवाय’ म्हणताच त्या स्वतः तो फडक्याने पुसून, वर पिनही शोधून देतील.

यावर घाईची माणसे म्हणतील, की अशाने वर्ष जाईल. त्यापेक्षा त्या देवळात गेल्या की दोन पोती गुपचूप खाली न्यावीत. हा मार्ग जलद आहे, पण महाग पडतो. त्यानंतर घरात जे जे सापडणार नाही, अगदी वीस वर्षांपूर्वी हरवलेली अडकित्त्याची जोडीदेखील, ते सगळे त्याच पोत्यांतून गेले असे ठरेल आणि प्रत्येक लग्नकार्यात तुमच्या तोंडावर सांगितले जाईल. मुदत संपलेली औषधे आणि फुगलेल्या बॅटऱ्या यांबाबत मात्र वाटाघाटी नकोत. बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा संकलन केंद्रावर पोहोचवाव्यात.

दुसरा आक्षेप असा, की एवढे सामान एकट्या बाईला लागतेच कशाला? लागत नाही. पण ते सगळे तिचे तरी कुठे आहे? पुतण्याचा कॅरम, भाच्याची दहावीची गाइडं, अमेरिकेला गेलेल्या लेकीच्या दोन सूटकेसा, आणि ‘आमच्याकडे जागा नाही, चार दिवस राहू दे’ म्हणून ठेवलेला पाळणा. तेव्हा शिडी लावाल तेव्हा आधी आपले गाठोडे शोधा, ते उतरवून त्याच दिवशी आपल्या घरी न्या, आणि पुढच्या भेटीला जाताना नवे काही ठेवायला घेऊन जाऊ नका.