सर्वांभूती ऑब्जेक्ट

२००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले आणि प्रत्येक यादीला कुळ-गोत्र मिळालं. जेयुनिटची पॅरामीटराइज्ड टेस्ट मात्र अधिक उदार. ‘आर्ग्युमेंट्स.ऑफ’च्या उंबरठ्याआत स्ट्रिंग, इंटिजर, तारीख, सगळे निव्वळ ऑब्जेक्ट. अक्षरांच्या यादीच्या पाटावर अंकांची यादी बसवा, कंपायलर हूं की चूं करत नाही. गोत्र टाइप इरेजरने पुसलेलं. घटक बाहेर काढेपर्यंत कुणाला संशय येत नाही. पंगतीत आडनाव विचारू नये, हा आपलाही संस्कार (निदान भाषणांतला).

आमच्या टीमने याच्याही पुढचं पाऊल टाकलं: सगळीकडे रिकामी यादी दिली. चाचण्या एकूणएक हिरव्या! साहेबांनी लगेच पेढ्यांचा बॉक्स फिरवला. आत काही नव्हतं, पण झाकणावर ‘पेढे’ असं स्वच्छ छापलेलं होतं.