रंग उतरवायची एवढी घाई?

नटवर्य,



परवा बडोद्यातल्या प्रयोगानंतर रंगपटात आपली-आमची भेट झाली. आपल्या ती लक्षात नसेल, कारण ती थोडकीच झाली आणि त्यातही बहुतेक वेळ आम्हीच बोलत होतो. पण आम्ही या भेटीची तयारी कॉलेजात असल्यापासून करत आलो आहोत. एवढ्या तयारीनंतर आपण आमची जी निराशा केलीत, तिची जाहीर नोंद व्हायला हवी म्हणून हे अनावृत पत्र. खासगी पाठवलं असतं तर ते फक्त आपणच वाचलं असतं. मग लिहायचं कशाला?

आम्ही आत आलो तेव्हा आपण बनियनवर होतात. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा अजून नाटकातला. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात बटाटावडा. ज्या हातानं आपण अर्ध्या तासापूर्वी पोटच्या मुलाला घराबाहेर काढलंत आणि आमच्या रांगेतल्या बायकांना रडवलंत, त्याच हातात वडा? आणि वर आम्हाला म्हणालात, "या, बसा, थोडा खाणार का?" आमची कल्पना अशी होती की आपण पाठमोरे उभे असाल, हात मागे बांधलेले, भूमिका अजून अंगातून उतरलेली नाही, आणि आमची चाहूल लागताच सावकाश वळाल. ते राहिलं बाजूला. आपण गुडघ्याला बाम लावायला घेतलात. उंचीही कमी वाटली. पाचव्या रांगेतून आपण चांगले सहा फुटी दिसता; प्रेक्षकाला इतकी वर्षं फसवून ठेवणं बरं नव्हे.

तरी आम्ही मन मोठं करून आपल्या कारकिर्दीचा आढावा घेतला. दुसऱ्या अंकात आरामखुर्चीतून उठताना आपण जो थांबा घेता, त्यानं आमचं आयुष्य कसं बदललं, हे सविस्तर सांगितलं. त्यावर आपण हळूच म्हणालात, "ती भूमिका माझी नव्हती." आणि ज्यांची होती त्यांचं नावही सांगितलंत. मोठ्या माणसानं अशा वेळी नुसती मान डोलवावी. ते गृहस्थ आता हयात नाहीत, आपण आहात; श्रेय घेऊन टाकायला काय हरकत होती? त्यानंतर आमच्या सौभाग्यवतींनी मालिकेतल्या सासऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा आपला चेहरा किंचित पडला. तोही आम्ही टिपला आहे. चाहता नाटकाबद्दल बोलला तरी चुका काढायच्या आणि मालिकेबद्दल बोलला तर चेहरा पाडायचा, मग चाहत्यानं बोलावं तरी कशाबद्दल?

आपण कुठल्या गावात प्रयोग केलात, याची आपल्याला पुरेशी जाणीव दिसली नाही. हे बडोदं आहे. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं इथे केला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. पुण्याला नाही, मुंबईला नाही. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूंसाठी ज्यांच्या नाटकाला बायका गर्दी करत, त्या नारायणरावांनी फाटकं लुगडं नेसून रंगमंचावर यायचं धाडस केलं. गडकरी २३ जानेवारीलाच सावनेरला वारले होते. म्हणजे नाटककाराला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांचा जन्मही नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातलाच. त्या दृष्टीनं 'एकच प्याला' हे आमच्या घरचंच नाटक. दांडिया बाजारात कुणालाही विचारा, प्रत्येकाचे आजोबा त्या प्रयोगाला हजर होते. इतक्या आजोबांना त्या रात्री कुठे बसवलं असेल, हा हिशेब आम्ही करत नाही. श्रद्धेत हिशेब बसत नाही.

सांगायचा मुद्दा, नाटककार गेला तरी प्रयोग थांबला नाही. आणि आपली बस हायवेवरच्या कोंडीत अडकली म्हणून तिसरी घंटा पाऊण तास उशिरा झाली! वर आपण पडद्याबाहेर येऊन क्षमा मागितलीत आणि अंगात थोडी कणकण आहे, आवाज बसला आहे, सांभाळून घ्या, असंही सांगितलंत. नटवर्य, १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली आणि त्या रात्री ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट आम्ही फार अभिमानानं सांगतो. लग्नात, बारशाला, मुलांना झोपवतानासुद्धा. त्या मुलीचं नाव आम्हाला ठाऊक नाही, पण प्रयोग रद्द झाला नाही हे पक्कं ठाऊक आहे. नटाकडून आमची अपेक्षा एवढीच असते. आपल्याला तर नुसता ताप होता.

बालगंधर्वांच्या कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला, हेही आम्ही कौतुकानं सांगतो. अत्तर कमी केलं नाही, शालूंचा दर्जा उतरवला नाही, मंडळींच्या पंगती चालूच राहिल्या. याला म्हणतात कलावंत! ते कर्जात गेले तेव्हा त्यांचे चाहते काय करत होते, असा खडूस प्रश्न आमचा पुतण्या विचारतो. वन्समोअर देत होते, दुसरं काय करणार? एका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडायचे आणि घरी जाईतो पहाट व्हायची. आपलं नाटक दोन अंकी, साडेअकराला संपलं, आणि पडदा पडल्यावर टाळ्या कमी पडल्या असं आपल्याला वाटलं असेल तर त्याचं कारण साधं आहे. पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून अर्धे लोक शेवटच्या प्रवेशातच उठले होते. आपल्या अभिनयाशी त्याचा काही संबंध नाही.

मोबाईलचं बोलायलाच हवं. मुलगा निघून जातो त्या प्रवेशात आमचा फोन वाजला. वाजला म्हणजे काय, कुणीतरी केला म्हणून वाजला. सुरतेहून साडू होते. घेतला नसता तर परत केला असता, म्हणून घेतला आणि अगदी हळू आवाजात 'नाटकात आहे' एवढंच सांगितलं, मग त्यांनी कुठलं विचारलं म्हणून तेही सांगितलं. आपलं नावही सांगितलं. ही आपली फुकट जाहिरात. आपण मात्र संवाद थांबवून आमच्या दिशेनं पाहत राहिलात. आयुष्यात पहिल्यांदा आपली-आमची नजरानजर झाली ती तेव्हा. २०११च्या 'बालगंधर्व' सिनेमात नारायणराव झालेल्या सुबोध भावे यांनीही २०१९ साली, फोन असेच वाजत राहिले तर नाटकात काम करणं सोडून देईन, असं जाहीर केलं होतं. नटमंडळी आजकाल फार हळवी झाली आहेत. एवढं मनाला लावून घेतलंत तर आम्ही नाटकाला यायचं कसं?

फोटोही निघाला. पुतण्यानं काढला, तीन-चारदा काढायला लावला, कारण पहिल्यात आमचे डोळे मिटले होते. मग आपल्याला उजेडात यायला सांगितलं, मग उजेड आपल्यावरच जास्त पडतो म्हणून जरा मागे व्हायला सांगितलं. २०१८च्या फेब्रुवारीत बडोद्यात ९१वं साहित्य संमेलन भरलं होतं, त्याचा बिल्ला आम्ही मुद्दाम खिशाला लावून आलो होतो. तो स्पष्ट आला आहे. आपण कानापासून पुढे कापले गेला आहात. पण ज्यांना नाटकाची जाण आहे ते कानावरून ओळखतात.

या सगळ्यामुळे आम्ही आपल्यावर नाराज आहोत असं मात्र समजू नका. बडोद्याचं मन मोठं आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथले दरबारी गवई. ते ताराबाई माने यांना घेऊन बडोदं सोडून गेले, पुढे लेक झाली ती मिरजेला, पण नाव लावलं हिराबाई बडोदेकर. संगीत नाटकात स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका कराव्यात म्हणून ज्या बायका धीरानं उभ्या राहिल्या, त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीतलं. जे गाव सोडून निघून जातात त्यांनाही आम्ही आमचेच धरतो. आपण तर एक रात्र राहिलातसुद्धा.

तेव्हा आपला जाहीर सत्कार करायचं आम्ही काही रसिकांनी ठरवलं आहे. कलेची कदर आम्हाला कुणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, तीच वाढत वाढत आज विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स झाली. गंधर्व मंडळीला राजाश्रय दिला तोही महाराजांनीच. कलावंतांसाठी त्यांची तिजोरी सदैव उघडी असे, त्यामुळे आम्हाला पाकीट उघडायची सवय लागली नाही, एवढाच काय तो त्या सुवर्णकाळाचा तोटा. बाकी परंपरा आम्ही जशीच्या तशी चालवतो आहोत. सत्काराच्या दिवशी हार, शाल, श्रीफळ आणि लीला चिवडा देण्यात येईल. आमच्यापैकी चौघांची भाषणं होतील, त्यांत 'एकच प्याला'चा उल्लेख चारही वेळा येईल, तो आपण उभं राहून ऐकावा. आपल्या भाषणाला पाच मिनिटं ठेवली आहेत.

आलाच आहात तर त्याच रात्री प्रयोगही लावून टाकावा, असा आमचा प्रेमाचा आग्रह आहे. नाइटचं, म्हणजे मानधनाचं काय, असं आपल्या व्यवस्थापकांनी फोनवर विचारलं. सत्कारमूर्तीनं स्वतःच्याच सत्काराची नाइट मागावी, हे ऐकून आमच्या अध्यक्षांना वाईट वाटलं. त्यांना आम्ही कसंबसं सावरलं आहे. गाडीभाड्याचं आपलं आपण पाहावं. मुंबई सेंट्रलहून रात्री बसलं की सकाळी बडोदं, आणि आपल्या वयाला सवलत होती ती रेल्वेनं बंद केली, त्याला आम्ही जबाबदार नाही. नेपथ्याचा टेंपो परवडत नसेल तर नेपथ्याशिवाय करा. विष्णुदास भावे यांना कुठे एवढं नेपथ्य होतं?

तिकीटबारीबद्दल दोन शब्द. कार्यकारिणी, माजी कार्यकारिणी, त्यांच्या घरची मंडळी, आमचा वाडा, शेजारचा वाडा, सत्काराची बातमी देणारे पत्रकार आणि सुरतेचे साडू यांच्यासाठी पुढच्या रांगांचे पास आधी बाजूला काढून ठेवावेत. त्यानंतर प्लॅनवर ज्या खुर्च्या उरतील त्या आपण खुशाल विकाव्यात. त्यावर आम्ही एक पैसाही मागणार नाही.

आपला निस्सीम चाहता,
एक बडोदेकर रसिक