नातू शाईचा, आजोबा यूपीआयचे

श्टुटगार्ट,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


पाकीट बघून घाबरू नका. आम्ही सगळे खुशाल आहोत. तारवाला दारात उभा दिसला की मजकूर वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, हे बाबांनीच शंभरदा सांगितलंय, म्हणून खुशाली पहिल्याच ओळीत. पत्राचं कारण एवढंच की तुमच्या नातवाच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खरंखुरं पत्र लिहायला सांगितलंय. स्वतःच्या हाताने लिहायचं, तिकीट लावायचं आणि स्वतःच पेटीत टाकायचं. त्याचं पान सोबत आहे. परदेशी पत्राला वीस ग्रॅमपर्यंत एकच दर, सव्वा युरो. त्याच्या एका पानाने उरलेले ग्रॅम फुकट जाणार, हे बघवेना, म्हणून मीही लिहायला बसले. मुलगी कुणाची आहे?

त्याचं पत्र फाउंटन पेनाने लिहिलेलं आहे, हे बाबा, तुम्ही चष्मा लावायच्या आधीच ओळखाल. इथे प्राथमिक शाळेत पेन्सिल सुटली की पोरांच्या हाती फाउंटन पेन देतात. शाई निळीच हवी, कारण तीच पुसता येते. त्यासाठी एक दुतोंडी पेन मिळतं. एका टोकाने चुकलेलं पुसायचं, दुसऱ्याने त्याच जागी नीट लिहायचं. 'आजोबा'च्या 'जो'वर जो फिकट ढग दिसतोय, तो त्याच पेनाचा. (मराठी अक्षरं जर्मन वहीच्या रेघांवर बसवताना मात्रांचे हाल होतात, तेवढं पोटात घाला.) त्याच्या मधल्या बोटाला पेराजवळ निळा डाग पडलाय. घासला तरी जात नाही. तुमच्या बोटालाही अगदी तिथेच असायचा.

आणि त्याने पत्र लिहिलं त्याच दिवशी फोनवर तुमचा आशीर्वाद आला. जसा आला तसा उतरवते: 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद पूर्णविराम अभ्यास कसा चाललाय प्रश्नचिन्ह अगं दूध उतू जातंय बघ तुम्हीच बघा माझे हात पिठाचे आहेत मी मेसेज करतोय ना पूर्णविराम'. बाबा, तुमचा फोन उच्चारलेली विरामचिन्हंही अक्षरांत उतरवतो. आणि आईशी भांडण चालू असेल तर माइकचं बटण सोडायचं असतं. ज्या माणसाने तारखात्यातल्या सबंध नोकरीत शब्द मोजून पैसे घेतले, त्याला फुकटात बोलायला मिळालं की काय होतं, ते आम्ही रोज बघतो. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांचा हिशेब तर मी धरतच नाही.

तारेवरून एक सांगायचं राहिलंय. आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. शेवटच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम पुण्याला गेलात, रांगेत उभं राहून आईला तार केलीत, आणि एसटीने तारेच्या आधी घरी पोचलात. तर या जर्मनीत, जिथल्या यंत्रांची आपण एवढी वाखाणणी करतो, तिथे तार ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत चालू होती. साडेनऊ वर्षं जास्त! आम्हाला वेळेत कळलं असतं तर तुमच्या सत्तरीला एक धाडली असती.

आपण परदेशी गेलो म्हणजे पुढच्या काळात गेलो, अशी आमची समजूत होती. जावईबापू येताना ऑफिसच्या बॅगेत तीन चार्जर घेऊन आले. आता त्यांच्या खिशात नाण्यांची चामडी पिशवी असते, कारण कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे 'फक्त रोख' अशी पाटी आहे आणि तिच्यासमोर रविवारी सकाळी साहेबलोक निमूट रांगेत उभे राहून सुट्टे मोजतात. उलट गेल्या डिसेंबरात साताऱ्यात काय झालं, आठवतंय? मंडईत नातवाने मोठ्या ऐटीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी शंभराची नोट काढली, तर मावशी म्हणाल्या, "सुट्टं न्हाई बाळा, स्कॅन कर." तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मागून तुम्ही फोन पुढे केलात, डब्यातून बाई बोलली की पैसे मिळाले, आणि तुम्ही नातवाकडे असं बघितलंत, जणू यूपीआय २०१६ साली तुम्हीच काढलं.

इथे बँकेने कार्ड टपालाने पाठवलं. पिनचा आकडा वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, त्याचं पत्र आलं. कनेक्शन जोडायला माणूस येणार, त्याचं पत्र आलं. 'सकाळी आठ ते चारच्या दरम्यान.' जावईबापूंनी सुट्टी काढली, माणूस आला नाही, आणि तो का आला नाही याचंही पत्र आलं. मला आपल्या घरच्या काळ्या फोनची आठवण झाली. तुम्ही खात्यात, तरी आपला नंबर वेटिंग लिस्टमध्ये, आणि आजी सगळ्यांना सांगायची की आमच्याकडे फोन आहे, फक्त अजून आलेला नाही. आणि रेडिओच्या लायसन्सचं ते पुस्तक? पोस्टात जाऊन तिकिटं चिकटवायचात ते? इथे अजून आहे. घरात टीव्ही असो नसो, रेडिओ असो नसो, दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. आमच्याकडे टीव्ही नाही. भरतो.

पण खरी गंमत आजीला सांगा. आमच्या दाराच्या मुठीला एका आठवड्याआड एक छोटी लाकडी पाटी लटकते. ती लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची, पुसायची पाळी आमची. हिवाळ्यात फुटपाथवरचं बर्फही आम्हीच ओढायचं, तेही सकाळी लोक कामाला निघायच्या आत. आठवडा संपला की पाटी गुपचूप समोरच्या दाराला. या श्वाबियन मुलखाची ही जुनी रीत, आणि ती पाळण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. समोरचे गृहस्थ मोठे इंजिनिअर आहेत. गाडी अशी की बटण दाबलं की आपली आपण जागेवर लागते. तेच गृहस्थ शनिवारी गुडघे टेकून पायरीचा कोपरा पुसतात. वाड्यात नळाची आणि जिन्याची पाळी लावताना आजी जो दरारा ठेवायची, तो बघता तिला इथे आणलं तर आठ दिवसांत अख्खी इमारत तिच्या ताब्यात. भाषेची अडचण येणार नाही. न पुसलेल्या पायरीकडे बोट दाखवून भुवई उंचावली की पुरतं. आम्हाला दोनदा तशी भुवई मिळाली आहे.

बाटल्यांचं तेच. मुंबईला गिरगावात मावशीकडे राहायला गेलो की पहाटे आरेच्या केंद्रावर दुधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जायचं काम माझ्याकडे असायचं. चांदीच्या कागदाची निळ्या पट्ट्यांची बुचं मी जमवायचे. पुढे पिशव्या आल्या आणि बाटल्या गेल्या. आता तुमचा नातू शनिवारी तेच करतो. दुकानातल्या यंत्राच्या तोंडात बाटली सरकवायची, ती आत गोल फिरते, बारकोड वाचला जातो आणि पावती येते. प्लॅस्टिकच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. बिअर कुणाची, ते विचारू नका, समोरचे इंजिनिअर त्यांच्याही बाटल्या याच्याकडेच देतात. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. एका बहिणीने सोडलेली सवय दुसरीने धरून ठेवली, एवढंच. चिरंजीवांचा धंदा मात्र जोरात आहे. साताऱ्यात रसवंतीवाल्याला त्याने ग्लास परत देऊन हात पुढे केला होता, तो भीक मागत नव्हता, डिपॉझिट मागत होता, हे त्या माणसाला कुणीतरी सांगा.

आई, तुझा मिक्सर छान चालतो, पण रविवारी नाही. कायद्याने मिक्सरला बंदी आहे असं नव्हे, तरी रविवार म्हणजे शांततेचा दिवस. त्या दिवशी ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत खणखणत टाकायच्या नाहीत. आपल्या मिक्सरमध्ये सुकं खोबरं पडलं की खालच्या मजल्यावर विमान उतरल्यासारखं वाटतं. म्हणून रविवारची चटणी मी खलबत्त्यात कुटते, खाली चौघडी घातलेला टॉवेल ठेवून. आजीने पाटा-वरवंटा सोडून मिक्सर घेतला तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते ना? तिला हे एवढं सांगू नकोस. की सांगच. चटणीला चव जास्त येते, हे ती तेव्हाही म्हणत होती.

तुमच्या थोरल्या नातीबद्दल काय लिहू! तिच्या मते फोन आधी न विचारता करणं हा उद्धटपणा आहे. मैत्रिणीशी बोलायचं तर ती तीन मिनिटांचा आवाज पाठवते, मैत्रीण चार मिनिटांचा पाठवते, दोघी एकमेकींना दुप्पट वेगाने ऐकतात. आणि आजी पहाटे उठल्या उठल्या व्हिडिओ लावते, तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. मी धडपडत उठून बघते तर पडद्यावर पंखा आणि अर्धं कपाळ. "काही नाही गं, लागतोय का ते बघितलं." उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, असा फरक मी देवघराजवळ चिकटवून आले होते. त्या कागदावर आता दूधवाल्याचा हिशेब आहे, असं कळतं.

आता बाबा, एक गोष्ट जरा रागाने लिहिते. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई मूळच्या लाइपझिगच्या, तरुणपण सगळं पूर्व जर्मनीत गेलेलं. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, पण पैसे रोख, पत्रं कागदावर, आणि बिल नीट फाडून टाकतात. मला आधी वाटलं, वयामुळे. एकदा कॉफीवर त्यांनी सांगितलं. तिथली गुप्त पोलीस यंत्रणा वाफेवर पाकिटं उघडून लोकांची पत्रं वाचायची. देश एक झाल्यावर १९९२ पासून ज्याला त्याला आपली फाइल बघायला मिळू लागली, तेव्हा त्यांनीही बघितली. कुठल्या वाढदिवसाला घरी कोण आलं, कोण काय म्हणालं, सगळं टाइप केलेलं. सांगणारं कोण, तेही कळलं. पुढे एवढंच म्हणाल्या की त्या बाईचा केक चांगला असायचा. २०१० मध्ये गुगलची गाडी रस्त्यारस्त्याचे फोटो काढत फिरली, तेव्हा इथल्या सुमारे अडीच लाख घरांनी आमचं घर धूसर करा म्हणून कळवलं होतं. तेव्हा मला ते खूळ वाटलं असतं. आता वाटत नाही.

हे तुम्हाला का लिहिते? १८८५ च्या तार कायद्यात तारेतला मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती, आणि तुम्ही तो कायदा जेवणाच्या ताटावरसुद्धा पाळलात. अर्ध्या गावाची लग्नं, नापास पोरं, मोडलेले व्यवहार तुमच्या बोटांखालून गेले. आम्ही किती खोदून विचारलं, तरी तुम्ही "वरण वाढ" म्हणायचात. शेजारच्या काकांच्या बदलीची तार तुम्हीच घेतली होती, हे आम्हाला त्यांचा टेम्पो भरताना कळलं. आणि आता तेच बाबा कुटुंबाच्या ग्रुपवर स्वतःचं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी टाकतात, आत्याच्या गुडघ्याचा रिपोर्ट टाकतात, आणि 'ओटीपी आला आहे, कुणाचा आहे' असं आकड्यासकट विचारतात! तारखात्यातला माणूस! त्या ग्रुपवर अठ्ठेचाळीस जण आहेत, त्यातले निम्मे कुणाचे कोण, ते आईलाही सांगता येणार नाही. आधारचा फोटो आजच काढून टाका. जमत नसेल तर शेजारच्या पोराला बोलवा, पण फोन त्याच्या हातात देऊ नका, तो सांगेल तसं तुम्ही करा.

बाकी ठीक. मे महिन्यात यायचं नक्की झालं की कळवा, म्हणजे इथून निमंत्रणाचं पत्र घेऊन ठेवते. त्यासाठी सरकारी कचेरीत स्वतः जावं लागतं. येताना कंदी पेढे आणा, पण दोन किलो नको, जावईबापूंची साखर वाढली आहे (हे ग्रुपवर टाकायचं नाही).

आणि नातवाला उत्तर हातानेच लिहा, फोनवर नको. बाईंना ते वर्गात लावायचं आहे. पोस्टात गेलात की काउंटरवर मशीनची पांढरी चिठ्ठी चिकटवायला निघतील, ती घेऊ नका. रंगीत चित्राची तिकिटं मागा आणि जमल्यास दोन-तीन वेगवेगळी लावा, कारण त्याच्या बाकावर बसणारी मुलगी तिकिटं जमवते आणि याने तिला आधीच शब्द देऊन ठेवलाय.

आपली,
सौ. चिमी