मुक्कामातील मशकांच्या बंदोबस्ताविषयी

नागर मनुष्यास निसर्गप्रेमाची अकस्मात उबळ येऊन, परभणीहून जिंतूरमार्गे येलदरीच्या जलाशयावर जावे व काठाशी तंबू ठोकून एक रात्र चांदण्यात काढावी अशी बुद्धी जेव्हा होते, तेव्हा त्या काठाची वहिवाट पूर्वापार दुसऱ्याच कोणाकडे चालत आली आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. निजामाच्या अमदानीत दौऱ्यावर निघालेला अंमलदार चपराशी पुढे धाडून पाणी, चारा व शिधा यांचा बंदोबस्त करवीत असे. आजचा सहलकरी मोबाइल पूर्ण चार्ज करतो आणि निघतो. अशा बेसावध रयतेच्या हितार्थ हे चार शब्द.

प्रथम प्रतिपक्षाची माहिती करून घ्यावी. रक्ताची वसुली करते ती केवळ मादी. नर हा फुलांतील मधुरसावर निर्वाह करणारा, सर्वस्वी निरुपद्रवी गृहस्थ असतो. मादीसही ते रक्त अंडी परिपक्व होण्यासाठी हवे असते, म्हणजे जमा झालेली रक्कम ती स्वतःच्या चैनीवर उडवीत नाही, आणि हे प्रशस्तिपत्र वसुली खात्यातील प्रत्येकास देता येईलच असे नाही. आपला ठावठिकाणा तिला उच्छ्वासातील कर्बद्विप्राणील वायू, घामाचा गंध व देहाची ऊब यांवरून लागतो. तस्मात श्वासोच्छ्वास बंद ठेवणे हा शास्त्रदृष्ट्या निर्दोष उपाय होय, मात्र त्याचा अंमल रात्रभर टिकत नाही. डेंग्यू पसरविणारा एडीस दिवसपाळीस असतो, क्युलेक्स व अ‍ॅनोफिलीस रात्रपाळीस. त्यामुळे कचेरी बंद असल्याची सबब येथे कोणालाही ऐकावी लागत नाही. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी अ‍ॅनोफिलीसच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले ते सिकंदराबादेस, म्हणजे परभणी ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होती त्याच मुलखात. गुन्हा आपल्याच हद्दीत शाबीत झाला, आरोपीही रोज हजर असतो. शिक्षेची अंमलबजावणी तेवढी तहकूब आहे.

जागेची निवड करताना काठाचा मोह टाळावा. डबकी, गवताळ दलदल व दाट झाडी यांपासून दूर, उंचवट्यावर, वारा खेळता असेल तेथे मेखा ठोकाव्यात. कारण डास हा अत्यंत दुर्बळ उड्डाणकर्ता असून बऱ्यापैकी वाऱ्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. ग्रामीण भागात हिवताप पसरविणारी अ‍ॅनोफिलीसची एक प्रमुख जात माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत करते, हे वाचून कोणी शेजारी म्हैस बांधण्याचा विचार करील. विचार उदात्त आहे. परंतु म्हशीबरोबर गोचीड व गोमाशा येतात, आणि शिवाय तिच्या धन्याची लेखी परवानगी लागते.

धुराविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. कडुनिंबाचा ओला पाला गोवऱ्यांवर टाकला असता डास काही काळ हटतात हे खरे. परंतु तंबूतील माणसे त्यांच्या आधी हटतात. अंगास लावावयाचे मलम उपयुक्त असले तरी घामाने त्याची मुदत लवकर संपते, ते पुन्हा लावावे लागते. कपडे सैल, फिकट व पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण तंग कापडातून दंश आरपार जातो. कंदील तंबूत न ठेवता दूर एखाद्या फांदीस टांगावा, म्हणजे पाखरे व किडे यांचा दरबार तेथे भरेल.

परंतु या सर्व उपायांचा सरदार मच्छरदाणी. या बाबतीत आषाढीस परभणी-गंगाखेडावरून जाणाऱ्या शेगावच्या पालखीतील वारकरी, डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून निश्चिंत निजणारा, आम्हांस मोठमोठ्या साहसवीरांहून अधिक जाणता वाटतो. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचाव्यात, हातपाय जाळीस टेकू देऊ नयेत, आणि निघण्यापूर्वी ती घरीच उलगडून भोके शिवून घ्यावीत; एक डास आत कोंडून घेण्यापेक्षा उघड्यावर निजणे बरे, कारण बाहेर निदान त्याला निवडीस वाव असतो.

इतके करूनही परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर घरगुती काढ्यांवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. तेथेही सुई टोचूनच रक्त घेतात. मात्र थेंबभरच, आणि त्याची रीतसर नोंद ठेवतात.