मा. १ जून यांस अनावृत पत्र

मा. १ जून यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दरसाल आपला दिवस उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘दिनविशेष’ या सदरात आपली कीर्ती छापून येते. १८४२ साली आपल्या दिवशी जन्मलेले सत्येंद्रनाथ टागोर त्यात असतात. ते पहिले भारतीय आयसीएस, नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याला न्यायाधीशही होते. लॉस एंजेलिसची मेरिलिन मन्रो (१९२६) असते, आपली नर्गिस (१९२९) असते, आणि १९६८ साली याच दिवशी वारलेल्या हेलन केलरही असतात. या मंडळींचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलंच बरं. त्या त्या वर्षी पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळपास त्याच जागी होती, यापलीकडे उत्तर मिळणार नाही. आमची तक्रार मात्र यादीतल्या कुणाविषयी नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांच्या जनरल रजिस्टरात जे असंख्य लोक आपल्या नावावर जमा आहेत, त्यांच्याबद्दल सदर अवाक्षर काढत नाही. मन्रोबाईंना दोन ओळी मिळतात, आणि ज्यांच्या जोरावर आपण या राज्यातली सर्वांत लेकुरवाळी तारीख झालात, त्यांना एकही नाही.

एवढे जन्म निसर्गाने एका दिवसावर टाकले असते तर सुइणींची पळता भुई थोडी झाली असती. तसं कधी झाल्याचं ऐकिवात नाही. गणितात एक जुनं नवल आहे: वर्गात २३ मुलं असली की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या शाळेत या नवलाला वाव नव्हता. तिथे दोन मुलांवर काम भागायचं. दुसरा पुरावा भूगोलाचा. उत्तरेकडे शाळा जुलैत उघडायच्या, तिकडे हीच कामगिरी १ जुलैने बजावली. युद्धातून जीव वाचवून अमेरिकेत पोचलेल्या कितीतरी निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी चढली. म्हणजे माणूस जन्मला कधी, हे कचेरीचं वर्ष कधी उघडतं यावर ठरतं. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडणार, पहिलीसाठी नियमात असतील तेवढी वर्षं पुरी हवीत, आणि समोर उभ्या पोराच्या जन्माचा कागद नाही. मग गुरुजींनी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की चालू सालातून पाच किंवा सहा वजा करायचे आणि पुढे आपलं नाव लिहायचं. हिशेब चोख! पोरगं त्या दिवशी नियमाला बरोबर पुरतं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

या चोख हिशेबात बुडालं काय, तेही पाहा. आईला तारीख ठाऊक नव्हती, असं सगळेच सहज म्हणून जातात. तारीख नसेल, पण दिवस तिला पक्का ठाऊक असायचा. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या आठवड्यात, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोर महिन्याचं होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अशी तिची उत्तरं. आता पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. पोळा बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला येतो आणि कुठल्याही सालची ती अमावास्या जुन्या पंचांगात सापडते. अर्धा तास कुणी त्या बाईसमोर बसलं असतं तर जन्मदिवस चार-आठ दिवसांच्या फरकाने हाती लागला असता. जन्म आणि घटना शेजारी मांडण्याचं जे काम दिनविशेषाचे संपादक करतात, ते ती त्यांच्याआधीपासून करत होती, आणि जास्त चांगलं करत होती. तिच्या जोडणीत घटना त्या घरावरून गेलेली असायची. नदीला पूर आला, दुष्काळात घरातला पुरुष कामाला बाहेरगावी गेला, म्हणून तो दिवस लक्षात राहिला. रजिस्टराने तो धागा तोडला आणि त्या पोराचं नातं हॉलिवूडशी जुळवून दिलं.

यावर कुणी म्हणेल, गुरुजींना कशाला बोल लावता? त्यांनी रकाना कोरा ठेवला असता तर पोर शाळेबाहेर राहिलं असतं. हे शंभर टक्के मान्य. या बाबतीत गुरुजी पुण्यवानच. घरोघर फिरून मुलं गोळा करणाऱ्या त्या माणसाने खोटी तारीख लिहून खरं शिक्षण दिलं, सौदा वाईट झाला नाही. आमचा रोख आहे तो रकान्यावर. त्या रकान्याला ‘अंदाजे’ हा शब्द चालत नव्हता. वर्ष ठाऊक आहे, महिना साधारण आषाढ, दिवस माहीत नाही, असं खरं उत्तर लिहायची त्यात सोय नव्हती. खरं म्हणजे गावात कोतवाल बुकही होतं, गाव नमुना चौदा. त्यात जन्माची नोंद सापडायची, पण पुष्कळदा नावाशिवाय, अमक्याला मुलगा झाला एवढीच. पहिलीच्या प्रवेशासाठी तहसिलीत जाऊन ते पान कोण हुडकणार? (अलीकडे कुणबी नोंदींसाठी तीच बुकं धूळ झटकून पानन् पान तपासली गेली. म्हणजे गरज पडली की सापडतात.) आणि ज्या मुलींचं नाव शाळेच्या रजिस्टरात कधी गेलंच नाही, त्यांच्या वाट्याला आपणही आला नाहीत. म्हातारपणी आधार कार्ड काढताना नुसतं वय सांगितलं, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणींना १ जानेवारी मिळाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाढदिवस कुठलाही असो, बिघडतं काय? वाढदिवस साजरा करण्यापुरतं काही बिघडत नाही. पण ही तारीख केकपाशी थांबत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्डाला जन्मतारखेचा पुरावा मानलं नाही आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलेलं वय कायम केलं. म्हणजे गुरुजींची वजाबाकी कायद्याच्या दरबारात वरच्या पाटावर बसते. सरकारी नोकरीत तर आपला महिमा आणखी विलक्षण. राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारी ज्या महिन्यात ५८ पुरी करतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून ३१ मे रोजी कचेऱ्यांतून, शाळांतून, पोलीस ठाण्यांतून निरोप समारंभांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला माणूस निवृत्त होऊन घरी बसलेला असतो. खरा जन्म नोव्हेंबरचा असेल तर त्याचे सहा महिने गेले. फेब्रुवारीचा असेल तर तीन महिने फुकट मिळाले. दुरुस्तीची वाट आहे, पण अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत करायचा, आणि त्या वयात निवृत्तीचा हिशेब कोण मांडून बसतो? दुरुस्तीला लागणारा पुरावा म्हणजे तेच न शोधलेलं कोतवाल बुक. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य तारखेवरून वाचणाऱ्यांचा तर प्रश्नच सोडा. पाश्चात्य पद्धतीने आपल्या तारखेला सूर्य मिथुनेत असतो, तेव्हा गावचं गाव दुटप्पी स्वभावाचं ठरतं.

आपली बाजूही मांडायला हवी. आपल्या खात्यावर दोन जन्म असे आहेत, ज्यांच्याबद्दल तिळमात्र शंका नाही: १९३० साली मुंबई–पुणे मार्गावर सुरू झालेली डेक्कन क्वीन आणि १९४८ साली पुण्याहून अहमदनगरला निघालेली एसटीची पहिली गाडी. राणीचा वाढदिवस पुणे स्टेशनावर दरवर्षी केक कापून होतो आणि तो खरा आहे, कारण तो वेळापत्रकात आधी लिहून मग साजरा झाला. महिन्याची पहिली तारीख कचेरीला सोयीची, म्हणून गाड्या तेव्हा सुटतात. सोयीनेच नेमलेल्या दिवशी गाडी खरोखर सुटली, एवढाच तिच्यात आणि दाखल्यावरच्या पोरात फरक. पावसाचं पाहा. केरळात मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख म्हणून हवामान खात्याने आपल्यालाच नेमलं आहे. पाऊस २०२३ मध्ये आला ८ जूनला, २०२४ मध्ये ३० मेला आणि २०२५ मध्ये २४ मेला. तरी हवामान खात्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण ते आपली ओळख सरासरी म्हणून करून देतं. गुरुजींचीही सरासरीच होती. दाखल्यावर मात्र ती ‘अंकी व अक्षरी’ अशी दोनदा लिहून पक्की केली गेली.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वर्षी आपल्या दिवशी त्या सदरात टागोर, मन्रो, नर्गिस यांच्याखाली एक ओळ छापून येईल असं पाहावं: ‘आजच्या दिवशी न जन्मलेल्या अनेकांचा आज वाढदिवस.’ संपादक जागा नाही म्हणतील, तर हेलन केलर यांच्यानंतरची जाहिरात अर्ध्या सेंटिमीटरने लहान करता येईल. आणि आपण उगाच हुरळून जाऊ नये हेही सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच तारखेचा पुरावा, असा कायदा झाला आहे. ही पोरं ५८ ची होतील २०८१ पासून पुढे. तोवर आपल्या जुन्या लेकरांची शेवटची तुकडीही घरी गेलेली असेल आणि ३१ मे रोजी हारवाल्यांना एरवीच्या महिनाअखेरीएवढेच हार लागतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दिनविशेषाचा एक नियमित वाचक