आईचा श्रावण आणि माझे पाच व्होल्ट

आमचं घर उज्जैनच्या माधवनगरात. पत्त्यात माधवनगर लिहितो, रिक्षावाल्याला फ्रीगंज सांगतो. घरात रोज सकाळी तिथीवरून खटला उभा राहतो, कारण आईला चष्म्याशिवाय पंचांग दिसत नाही आणि चष्मा सापडला की पंचांग सापडत नाही. म्हणून मी ठरवलं, देव्हाऱ्याशेजारी ई-पेपरची पाटी लावायची. मोठ्या दुकानांत फळीवर किंमत दाखवणाऱ्या पाट्या असतात ना, त्याच. जुन्या मालातून चार मागवल्या. एकीवर अजून चीजची किंमत होती, युरोत.

या पडद्यात बारीक कुप्या असतात नि त्यांत काळे-पांढरे कण. विजेनं कण वरखाली होतात आणि वीज गेली तरी जागचे हलत नाहीत. चित्र बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरतो. हे मी आईला इतक्या उत्साहानं सांगितलं की तिनं विचारलं, “मग चीज कधी जाणार?”

चीज घालवायला डीबगर हवा. पाटीतल्या चिपला दोन तारांतून थेट हुकूम सोडणारं हे यंत्र. आत निघाली नॉर्डिकची एनआरएफ५२८११. मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त ते निवडलं: अंगठ्याएवढी, ॲल्युमिनियमच्या कवचातली एसटी-लिंकची नक्कल.

तारा चारच: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. कवचावर छापलेला क्रम बघून जोडल्या. पाटी गरम झाली. मग कवच सरकवून पाहिलं, तर आतल्या पट्टीवर क्रम निराळाच. नकलेचीही नक्कल झाली की कवच एकाचं आणि पोट दुसऱ्याचं, हे ज्ञान मला उशिरा झालं. ही चिप ३.६ व्होल्टपर्यंत चालते, मी तिला पाच पाजले होते. ज्या गावावरून जुने ज्योतिषी भारताची मध्यरेखा मोजत, जिथे सवाई जयसिंगाची वेधशाळा उभी आहे, तिथे मला चार पिना मोजता आल्या नव्हत्या.

टॉवर चौकातल्या मोबाइलवाल्याला पाटी दाखवली. त्यानं मल्टिमीटर लावला. “भैया, ये तो गई.” मी म्हणालो, “पण किंमत तर दिसतेय!” चिप मेली तरी युरो शाबूत. देह गेला, भाव राहिला.

दुसऱ्या पाटीला डाग देताना तांब्याचा ठिपकाच तारेबरोबर उपटून आला. तिसरीचं पोट पेचकसनं उघडलं. पडद्याखाली काच असते, हे कळायला एक बारीकसा आवाज पुरला.

चौथीला तारा बरोबर लागल्या. चिपनं ओळख दिली, पण वाचू देईना. कारखान्यातूनच कुलूप घातलेलं. ते उघडायला सगळी मेमरी पुसावी लागते, आणि पुसण्याचा हुकूम नॉर्डिकच्या एका खास दारातून द्यावा लागतो. माझी नक्कल त्या दारापर्यंत पोचेना. यंत्र निवडताना मी भाव पाहिला होता, बोली पाहिली नव्हती. शेवटी ड्रॉवरमधला रास्पबेरी पाय पिको बोर्ड काढला, त्यात डीबगरचा प्रोग्राम भरला, तारा हलवल्या आणि डोळे मिटून हुकूम सोडला. कुलूप गेलं. मूळ प्रोग्रामही गेला, कायमचा. आता मागे फिरायची सोय नव्हती, त्यामुळे प्रथमच मन लागलं.

वर्षभराच्या तिथी इथल्याच एका पंचांगातून टिपून त्यात भरल्या. नारळी पौर्णिमेला पाटी चौकटीत बसवली, तारा कापल्या, चौकट फेव्हिक्विकनं बंद केली आणि नारळीभात दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यापाशी पाटीवर स्वच्छ, काळंभोर अक्षर होतं: भाद्रपद कृष्ण १.

“गणपती आणायचा का रे आज?” आईनं विचारलं. “काल तर नारळीभात खाल्लास.”

इथला महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. वद्य पक्षात तिथी तीच, महिन्याचं नाव मात्र वेगळं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. महाकालाची सवारीसुद्धा इथला श्रावण सरला तरी आमच्या श्रावणाचे सोमवार सोडत नाही.

“महाकालाला दोन्ही श्रावण कळतात,” आई म्हणाली.

चौकट उघडायला मी पेचकस आणला. तिसऱ्या पाटीची आठवण येऊन परत ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर ई-पेपरवर वहीच्या कागदाची एक चिठ्ठी डकवलेली होती. आईच्या अक्षरात: श्रावण.